वाटेकरी

समजा, दोन माणसं आहेत. पहिल्याच्या हाती काही वस्तू येतात आणि त्यातला वाटा त्याने दुसऱ्याला देऊ करायचा. किती, ते त्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्याला वाटा पटला तर दोघं आपापला हिस्सा घेऊन घरी जातात. नाही पटला, तर दोघांनाही काही मिळत नाही. अर्थशास्त्रज्ञ माणसांची पारख करायला हा खेळ मांडतात. पुस्तकी हिशेबाप्रमाणे पहिल्याने अगदी थोडं द्यावं आणि दुसऱ्याने ते निमूट घ्यावं, कारण काहीच नसण्यापेक्षा थोडं असलेलं बरं. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ जगभरातल्या १५ लहान समाजांमध्ये नेला आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष छापले. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा लोक सरासरी चौथा हिस्सा देऊ करत होते. इंडोनेशियातल्या लेम्बाटा बेटावर, लामालेरा नावाच्या गावात, मायकेल आल्वार्ड यांनी पैशांच्या जागी सिगारेटची पाकिटं ठेवून तोच खेळ मांडला. तिथल्या माणसांनी समोरच्याला सरासरी ५८ टक्के देऊ केले. म्हणजे स्वतःकडे राहील त्याहून जास्त. पंधरा समाजांमधला हा सगळ्यात मोठा आकडा होता.

हा आकडा वाचल्यापासून लामालेरा माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आडबाजूच्या गावाबद्दल बोलताना आपण आधी तिथे काय नाही ते मोजतो. रस्ता नाही, वीज नाही, दवाखाना दूर, कॉलेज त्याहून दूर. ती मोजणी खोटी नसते. लेम्बाटाचं मुख्य ठिकाण लेवोलेबा. तिथून लामालेरा पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, पण खडबडीत डोंगरी रस्त्यावर मालाचा ट्रक माणसांना घेऊन तीन-चार तास हेंदकाळत जायचा. लेम्बाटा हा स्वतंत्र जिल्हा झाला तोच १९९९ साली. गाव बेटाच्या दक्षिण टोकाला, सावू समुद्राच्या समोर, ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर. वस्ती दीड-दोन हजारांची. शेतीला जागा जवळजवळ नाहीच. पण नसलेल्या गोष्टींच्या यादीतून हे गाव अजिबात दिसत नाही. कारण तिथे जे आहे ते इतरत्र क्वचितच सापडतं: वाटणीची एक पद्धत. बारकाईने घडवलेली, कटकटीची, शतकानुशतकं टिकलेली.

गावातली दंतकथा सांगते की पूर्वज सुलावेसीमधल्या लुवूहून निघाले, बेटाबेटांवरून फिरत लेपान बातान नावाच्या बेटावर आले, आणि समुद्राने ते बेट गिळल्यावर इथे येऊन थांबले. ज्यांची जमीन होती त्यांनी त्यांना किनारा दिला. त्या मूळ मालकांची कुळं आजही आहेत आणि दर शिकारीत त्यांचा हक्काचा वाटा असतो. आश्रय देणाऱ्याचं ऋण एका पिढीत फिटत नाही, असं या लोकांनी धरून ठेवलेलं दिसतं.

किनाऱ्यावर एका ओळीत होड्यांच्या झापा आहेत. होडीला ते ‘तेना’ म्हणतात. साधारण दहा मीटर लांबीची, लोखंडी खिळा न वापरता लाकडी खुंट्यांनी जोडलेली. तिचं शीड ताडासारख्या गेबांग झाडाच्या पानांचं, विणलेलं. तेना एका माणसाची नसते, कुळाची असते. ती फुटली तर तिच्या जुन्या फळ्या नव्या होडीत बसवायची रीत आहे, आणि नाव तेच पुढे चालतं. मे ते ऑक्टोबर हा मुख्य हंगाम. होडीच्या पुढच्या टोकाला बांबूचा एक सज्जा बाहेर काढलेला असतो. त्यावर ‘लामाफा’, म्हणजे हार्पून मारणारा, उभा राहतो. देवमासा टप्प्यात आला की तो हातातल्या बांबूसकट स्वतः झेप घेतो, आपल्या अंगाचं सगळं वजन त्या लोखंडी पात्यामागे घालतो, आणि पाण्यात पडून पोहत होडीकडे परततो. खाली असतो तो स्पर्म व्हेल जातीचा देवमासा, कधी होडीहून लांब. तो होडी फोडू शकतो, बुडवू शकतो, ओढत नेऊ शकतो. १९९४ सालच्या मार्चमध्ये असाच ओढा लागून काही होड्या गावापासून फार दूर गेल्या. दिवसचे दिवस भरकटलेल्या त्या माणसांना शेवटी पर्यटकांच्या एका जहाजाने वर घेतलं.

शिकारीचं वर्णन सगळेच करतात, चित्रपटवालेही करतात. ती झेप छायाचित्रात फार देखणी दिसते. मला मात्र त्यानंतरचे दोन दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. देवमासा वाळूवर ओढून आणला जातो आणि सुऱ्या बाहेर पडतात. शरीराचा कुठला भाग कोणाचा हे आधीपासून ठरलेलं असतं. वल्ही मारणाऱ्यांचा वाटा, लामाफाचा वाटा, होडी ज्या कुळाची त्या कुळाचा. होडी बांधणाऱ्या सुताराचा, पाती ठोकणाऱ्या लोहाराचा, शीड शिवणाऱ्यांचा. मूळ जमीनमालकांचा, जे त्या दिवशी समुद्रावर गेलेलेही नसतात. मग ज्याच्या हाती वाटा आला तो त्यातून आणखी तुकडे काढतो. बहिणीच्या घरी, सासुरवाडीला, शेजारच्या विधवेकडे, पोरक्या मुलांकडे. वीस-पंचवीस टनांचं जनावर असं वाटत वाटत शेवटी प्रत्येक चुलीपर्यंत पोचतं. वर्षाला साधारण वीसेक देवमासे मिळतात. कधी त्याहून बरेच जास्त, कधी जेमतेम.

हे ऐकताना मराठी माणसाला बलुतं आठवल्यावाचून राहत नाही. सुताराचा वाटा, लोहाराचा वाटा, खळ्यावरची रास. पण ती आठवण मी तिथेच थांबवतो. आपल्याकडच्या त्या व्यवस्थेत देणाऱ्याचा हात कायम वर आणि घेणाऱ्याची ओंजळ कायम खाली होती, आणि घेणाऱ्याला त्यात काय भोगावं लागलं ते दया पवारांनी १९७८ साली त्याच शब्दाचं नाव असलेल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. लामालेरातही कुळं आहेत, मानपान आहे, जन्माने आलेले हक्क आहेत. ते सगळं निर्मळ असल्याचा दावा मी करणार नाही. पण तिथे आज एका होडीचा वाटा घेणारा उद्या दुसऱ्या होडीवर वाटा देणारा असतो, आणि समुद्रात बुडायची वेळ आली तर सगळे एकाच फळीवर असतात. हा फरक लहान नाही.

तरी ५८ टक्क्यांचा अर्थ ‘भली माणसं’ असा काढला तर त्या गावावर अन्यायच होईल. आल्वार्ड आणि डेव्हिड नोलिन यांनी २००२ साली लामालेराच्या शिकारीचा हिशेब मांडला. हंगामात एकट्याने मासे धरण्यापेक्षा दहा-बारा जणांनी एकत्र देवमाशामागे जाण्यात माणशी मिळकत जास्त पडते, पण ती तेव्हाच, जेव्हा बाकीचे अकरा येतील याची खात्री असते. ती खात्री कुठून आणायची? करारपत्रातून येत नाही, पोलिसांच्या धाकाने येत नाही. ती येते ती मागच्या वेळच्या वाटणीतून. माझा तुकडा मला मिळाला होता, म्हणून मी उद्या पहाटे वल्हं उचलीन. म्हणजे उदारपणा हा इथे सणासुदीचा गुण राहत नाही. रोजच्या कामाचं ते अवजार आहे, पात्याइतकंच धार लावून ठेवलेलं.

आणि या अवजाराची देखभालही होते. हंगाम उघडण्याआधी गावाची माणसं किनाऱ्यावर जमतात आणि मागच्या वर्षीची भांडणं बाहेर काढतात. कोणी कोणाचा वाटा कमी दिला, कोणाच्या तोंडून काय गेलं. जमीनमालक कुळाचे लोक डोंगरावरच्या, देवमाशाच्या आकाराच्या दगडापाशी जाऊन पूर्वापार विधी करतात. ३० एप्रिलच्या संध्याकाळी समुद्रात गेलेल्यांसाठी मिस्सा होतो, आणि १ मेला किनाऱ्यावरच्या छोट्या चॅपेलपाशी हंगामाचा मिस्सा. गाव कॅथलिक आहे आणि दगडाचा विधीही त्याचाच आहे. दोहोंच्या मध्ये कोणी भिंत घातलेली नाही. लामाफाच्या घरात तंटा असेल तर त्याचा हार्पून चुकतो, अशी समजूत आहे. शिकार सारखी हुकायला लागली की लोक हवामानाला दोष देण्याआधी गावात कोण कोणाशी बोलत नाही याचा शोध घेतात. विज्ञानाच्या कसोटीवर हे टिकणार नाही. पण ज्या कामात बारा जणांनी एका क्षणी एक हालचाल करायची आहे, त्या कामाआधी अबोला मोडून घेणं हे मला शहाणपणाचं वाटतं.

आता बायकांकडे येतो. त्यांच्याकडे फार उशिरा आलो, कारण छायाचित्रं काढणारेही तसेच येतात. वाळूवर वाटे पडल्यानंतरचं सारं काम बायकांचं. मांसाच्या पट्ट्या कापून बांबूवर वाळत घालायच्या, चरबीचं तेल गाळून घ्यायचं, आणि सुकलेलं मांस डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांकडे चालायचं. लामालेरात पिकत नाही, आणि डोंगरावर मासा नाही. मका, केळी, कसावा, भाजी हे सगळं वरून येतं. वुलांडोनीला शनिवारी बाजार भरतो, तिथे अजूनही बराच व्यवहार वस्तूला वस्तू देऊन होतो. बाजाराचा माणूस शिट्टी वाजवेपर्यंत कोणी सौदा करत नाही. शिट्टी झाली की सहा-सहाच्या हिशेबाने कणसं आणि केळी एका बाजूला, वाळकं मांस आणि मासळी दुसऱ्या बाजूला. मका घरी आला की त्याचा ‘जागुंग तिती’ होतो. मातीच्या खापरात दाणे भाजायचे, गरम असतानाच उघड्या बोटांनी दोन-चार उचलून सपाट दगडावर ठेवायचे आणि दुसऱ्या दगडाचा ठोका द्यायचा. चपटे, कुरकुरीत दाणे होतात, महिनोन् महिने टिकतात. या भागातल्या बायका पहाटेपासून त्या खापरापाशी बसतात, आणि वर्षानुवर्षांच्या या कामाने त्यांच्या बोटांची कातडी निबर होते. शिकारीची झेप काही सेकंदांची असते. घर चालतं ते या बोटांवर.

या गावाला जगापासून तुटलेलं म्हणणं मला खटकतं. या बेटांवर माणसं हार्पूनने देवमासे मारून तेल काढतात, अशी नोंद १६२४ च्या एका पोर्तुगीज कागदात आहे. जवळच्या सोलोर बेटावर डोमिनिकन पाद्र्यांनी १५६६ मध्ये किल्ला उभारला होता, आणि त्या सगळ्या वसाहतीचा कारभार ज्या राज्याखाली होता त्याची राजधानी गोवा. मांडवीच्या काठावरून निघालेले हुकूम महिनोन् महिन्यांनी या समुद्रात पोचत. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पाटणचा पटोला इथे आला आणि कुळांच्या पेट्यांमध्ये ठेव म्हणून राहिला. त्याच्या नक्षीची छाया इथल्या बायकांच्या विणकामात उतरली. हस्तिदंत आले. ज्या बेटांवर कधी हत्ती नव्हता, तिथे लग्नात मुलीच्या माहेरी हत्तीचा सुळा द्यायची रीत पडली. आता नवे सुळे येत नाहीत. तेच जुने सुळे एका कुळाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. दूरवरून जे येईल ते नात्याच्या कामाला लावायचं, ही या लोकांची जुनी हातोटी आहे.

शाळेच्या बाबतीतही तेच झालं. १९२० च्या सुमारास बर्नार्ड बोडे नावाचे जर्मन धर्मगुरू इथे आले. मिशनबरोबर शाळाही आली होती. ती शाळा लामालेराला विलक्षण फळली. पाद्री, नन, शिक्षक किती निघाले याला सुमार नाही. गोरिस केराफ याच गावात १९३६ साली जन्मले. इंडोनेशियाच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांच्या व्याकरणाच्या आणि लेखनकलेच्या पुस्तकांवर शिकल्या. राष्ट्रभाषा सगळ्या देशाला शिकवणाऱ्या या माणसाने आपल्या पीएच.डी.चा प्रबंध मात्र लिहिला तो लामालेराच्या बोलीवर. आणि १९९९ ते २००१ मध्ये देशाचे पर्यावरणमंत्री होते सोनी केराफ, तेही याच गावचे. देवमासे मारणाऱ्या गावातून निसर्गरक्षणाचा मंत्री आला यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. समुद्रावर ज्यांचं पोट आहे, त्यांच्या मुलाला समुद्राची काळजी वाटणं यात नवल कसलं?

पण शाळेची फी वाळक्या मांसात भरता येत नाही. गावाच्या भवितव्याची गाठ इथे आहे असं मला वाटतं. मक्याचा बाजार वस्तूंवर चालला, तरी लेवोलेबाच्या वसतिगृहाला, कुपांगच्या विद्यापीठाला, दवाखान्याला, मोबाइलला रुपिया लागतो. रोख पैसा मिळवायचे मार्ग थोडे. त्यातला एक म्हणजे बाहेर पडणं. या सबंध प्रांतातून, नुसा तेंगारा तिमुरमधून, कितीतरी वर्षं माणसं बोटीने नुनुकानला आणि तिथून सीमेपलीकडे मलेशियाच्या साबाहमध्ये जातात. तेलताडाच्या मळ्यांत, बांधकामांवर, लोकांच्या घरांत राबतात. फ्लोरेस आणि आजूबाजूच्या बेटांवरची पक्की घरं, चर्चची छपरं, मुलांची शिक्षणं या पैशांतून झाली आहेत. कित्येक जण कागदपत्रांशिवाय जातात. २००२ साली मलेशियाने कायदा कडक केला आणि हजारो माणसं नुनुकानच्या छावण्यांमध्ये अडकली. तिथे आजारपणात अनेक जण दगावले. आणि प्रांताच्या राजधानीतल्या, कुपांगच्या एल तारी विमानतळावर मालवाहू विभागात परदेशात मेलेल्या कामगारांच्या शवपेट्या उतरतात, काही वर्षी शंभराहून अधिक. सिस्टर लाउरेंतिना नावाची एक नन त्या घ्यायला जाते, प्रार्थना म्हणते, पेटी गावी पोचेल असं पाहते. पेटीतल्या माणसाला परक्या मुलखात कोणी वाटेकरी मिळाला नव्हता. पहिला मिळतो तो ही बाई. विकासाचे अहवाल वाचताना मला तो मालवाहू विभाग विसरता येत नाही.

दुसरा मार्ग गावातच आला. त्याला तिथे ‘जॉन्सन’ म्हणतात, जॉन्सन कंपनीच्या बाहेरून लावायच्या इंजिनावरून. इंजिनाची होडी लहान, वेगवान, एका घराच्या मालकीची. या शतकाच्या सुरुवातीपासून तिच्यासोबत रात्री समुद्रात सोडायचं लांबच लांब जाळं आलं. चार-पाच जण पुरतात. जाळ्यात सापडलेला मासा बर्फात घालून विकता येतो. पेट्रोलचे पैसे वजा जाता उरलेलं घरातच राहतं. तरुण मुलाने याच्याकडे वळू नये असं सांगायचा अधिकार मला नाही. त्याला बहिणीची फी भरायची आहे. पण जाळ्यातल्या माशाला सुताराचा वाटा नाही, शीड शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा नाही, जमीनमालकाचा नाही. विधवेला मिळालं तर दया म्हणून मिळतं. हक्काचा तुकडा दयेचा होतो तेव्हा आतडं तुटतं, मग तुकडा तेवढाच का असेना.

गाव हे नुसतं बघत बसलेलं नाही. बराच खल होऊन एक तडजोड निघाली. जॉन्सनने तेनाला दोर लावून देवमाशापर्यंत ओढून न्यायचं, तिथे सोडून द्यायचं. हार्पून मात्र तेनावरूनच, वल्ह्यांच्या माणसांसह, जुन्याच रीतीने. म्हणजे इंजिन आलं, पण वाटणीची यादी शाबूत राहिली. परंपरा वाचवा म्हणून बाहेरून ओरडणाऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. नेमकं काय वाचवायचं ते त्यांना ठाऊक होतं: शीड गेलं तरी चालेल, यादी जाता कामा नये.

बाहेरचे लोक येतच राहिले. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने शिकार आधुनिक करायला एक नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवला. तो प्रयोग टिकला नाही. मग उलटी लाट आली. सावू समुद्र राखीव करायचा बेत निघाला तेव्हा गावाने कडाडून विरोध केला आणि लामालेराचं पाणी हद्दीतून वगळावं लागलं. ते राष्ट्रीय सागरी उद्यान २०१४ मध्ये जाहीर झालं, सुमारे साडेतेहतीस लाख हेक्टरांचं. त्याच वर्षी मांटा नावाच्या प्रचंड पाखटालाही देशभर संरक्षण मिळालं, आणि लामालेराची माणसं तोही मासा मारत आली आहेत. मला देवमासा मारलेला पाहवणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो. इतकं मोठं, हुशार जनावर. पण जगातले देवमासे कमी झाले ते युरोप-अमेरिका-जपानच्या कारखानी जहाजांमुळे, वर्षाला वीस मारणाऱ्या या किनाऱ्यामुळे नव्हे. मांटाचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांना चिनी बाजारात भाव आला आणि इंडोनेशियात जागोजागी तो व्यापारासाठी मारला गेला. तिथे बंदी मला पटते. मात्र बंदी घालणाऱ्याने त्या चुलीवर उद्या काय शिजेल याचाही हिशेब सोबत आणावा. देवमासे दाखवायचं पर्यटन हा पर्याय सुचवला जातो, आणि तो वाईट नाही. पण पर्यटकाचे पैसे ज्याच्या घरी खोली आहे त्याला मिळतात. लोहाराला काय?

सरकारचा पैसाही आता थेट गावात येतो. २०१४ च्या ग्रामकायद्यानंतर इंडोनेशियाने पंचाहत्तर हजारांच्या आसपास गावांना निधी द्यायला सुरुवात केली, आणि २०१७ पर्यंत तो वर्षाला ६० ट्रिलियन रुपिया, म्हणजे सरासरी गावाला ऐंशी कोटी रुपिया झाला. आकडा मोठा वाटतो. रुपियाचं मोल पाहता तो मर्यादित आहे, पण गावाच्या हातात आहे. त्यातून बहुतेक ठिकाणी रस्ते, नाल्या, पाण्याच्या टाक्या झाल्या. ते हवंच होतं. लामालेराला मात्र आणखी एक गोष्ट करून पाहता येईल असं मला सारखं वाटतं. बर्फाचा कारखाना, शीतपेटी, एखादी सामाईक जाळी-होडी अशा रोख पैसा देणाऱ्या गोष्टींना तेनाची यादी लावायची. जो मासा विकला जातो त्याच्या रकमेत सुताराचा, विधवेचा, शिकायला गेलेल्या मुलीचा वाटा आधीच कोरून ठेवायचा. ज्यांना वीस टनांचं जनावर भांडण न होता वाटता येतं, त्यांना रुपिया वाटता येणार नाही असं मानायला मी तयार नाही. कठीण आहे हे खरं. मांस सडतं, म्हणून वाटावं लागतं. नोट पेटीत राहते, तिला वास येत नाही.

आणि या वाटाघाटीत गावाबाहेरचेही कोणी बसायला हवेत. डोंगरावरच्या ज्या बायका शनिवारी कणसं घेऊन वुलांडोनीला उतरतात, त्यांच्या मुलांच्या ताटातला मासा लामालेराचाच असतो. सगळी मासळी बर्फात घालून लेवोलेबाला विकली गेली तर त्यांची कणसं कोण घेणार, आणि त्यांना मासा कशाच्या बदल्यात मिळणार? देवमाशाच्या वाटणीच्या यादीत त्यांचं नाव कधी लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज नव्हती. बाजाराची शिट्टी वाजली की त्यांचा वाटा आपोआप पोचत होता. इंजिन, बर्फ आणि रोख पैसा यांचे निर्णय आता किनाऱ्यावर होतील, तेव्हा त्या बायकांपैकी दोघीतिघींना तरी खाली बोलावून विचारलं पाहिजे.